एक जून आणि आधीच भरलेला रकाना

अब्बा 31 मे 2009 ला निवृत्त झाले. त्या दिवशी रविवार होता, शिवाय शाळेला उन्हाळ्याची सुट्टी. त्यामुळे शाल-नारळ शनिवारीच झालं, तेही चार शिक्षक आणि एका शिपायासमोर. घरी आल्यावर दादीची आठवण निघाली. दादी म्हणायची, "मेरा बच्चा कपास चुनने के दिनों में हुआ." खानदेशात कपाशीची वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते. म्हणजे अब्बांचा जन्म फार तर ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. पण शाळेच्या रजिस्टरात त्यांची जन्मतारीख आहे 1 जून 1951. सरकारी नियमानं महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. अब्बांच्या नोकरीचे पाच-सहा महिने असे एका रकान्यात गेले.

महाराष्ट्रात एक जूनला जन्मलेल्यांची कमी नाही. तुमच्या घरातही एखादे काका, मामू, नाना असतीलच. दरवर्षी 31 मे ला राज्यात सरकारी कर्मचारी मोठ्या संख्येनं निवृत्त होतात आणि वर्तमानपत्रं त्याची बातमीही करतात. कारण साधं आहे. जन्म घरी व्हायचे, नोंद ग्रामपंचायतीत व्हायचीच असं नाही, जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदा आला तोच 1969 मध्ये. शाळा जूनमध्ये उघडायची. बाप पोराला घेऊन उभा राहायचा, त्याला तारीख माहीत नसायची. गुरुजी पोराकडे बघायचे, दात बघायचे, आणि सहा वर्षं पूर्ण होतील अशा बेतानं लिहायचे, एक जून अमुक साल.

हा सगळा प्रकार मला पुन्हा आठवला तो एका वेगळ्याच कामात, आणि त्यात गुरुजींच्या जागी मी होतो.

मी जळगावातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवतो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये शाळा बंद, मोबाईलवर तास घेऊन डोळे दुखायचे. इंजिनीअरिंगला असलेला भाचा आमच्याकडेच अडकला होता. तो म्हणाला, "मामू, तुमच्या शाळेचं रजिस्टर कॉम्प्युटरवर करू या." त्यानं मला पायथन शिकवलं, मग जँगो. जँगो म्हणजे वेबसाईट उभी करायची तयार चौकट. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स नावाच्या गावी एका वर्तमानपत्राच्या कचेरीत 2003 मध्ये तिचं काम सुरू झालं आणि 2005 मध्ये ती सगळ्यांसाठी खुली झाली. जँगो राईनहार्ट या गिटारवादकाचं नाव तिला दिलं आहे. आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली होती, तरी तो वाजवत राहिला.

जँगोची खरी मजा तिच्या ॲडमिनमध्ये आहे. बातमीदारांना आणि संपादकांना प्रोग्रॅमिंग न येता मजकूर भरता यावा, ही त्यामागची गरज. आपण फक्त सांगायचं की विद्यार्थी म्हणजे काय: नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, इयत्ता, धर्म, जात, प्रवर्ग, मातृभाषा. बाकी फॉर्म, याद्या, शोधायची जागा, सगळं ती आपोआप बनवते. आमच्या शाळेतल्या क्लार्कभाईंनी पहिल्याच दिवशी पंधरा प्रवेश भरले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "सर, प्रत्येक पोराला तेच तेच निवडावं लागतं. धर्म इस्लाम, मातृभाषा उर्दू, प्रवर्ग ओबीसी. हे आधीच भरून येईल असं काही करा ना."

मागणी रास्त होती. शे-दीडशे प्रवेश, प्रत्येकी पाच-सहा रकाने. मी बसलो शिकायला.

हे काम तीन ठिकाणी करता येतं. पहिलं म्हणजे मूळ तक्त्यातच लिहून ठेवायचं की या रकान्याची किंमत काही न सांगितल्यास अमुक समजावी. याला डीफॉल्ट म्हणतात. दुसरं, तक्त्याला हात न लावता फक्त फॉर्ममध्ये सुरुवातीची किंमत दाखवायची. ही इनिशियल. ती डोळ्यांसमोर येते एवढंच. भरणाऱ्यानं ती पुसून रकाना रिकामा पाठवला तर जँगो मागून गुपचूप ती पुन्हा भरत नाही. तिसरं खास ॲडमिनसाठी. नवीन नोंदीचा फॉर्म उघडण्याआधी ॲडमिन एका फंक्शनला विचारतं की सुरुवातीला काय काय भरून देऊ. त्या फंक्शनचं नाव लांबलचक आहे, गेट चेंजफॉर्म इनिशियल डेटा. फॉर्म कोण उघडतंय हे त्याला कळतं, त्यामुळे पाचवीच्या वर्गशिक्षिकेला इयत्ता पाचवी आणि आठवीच्या सरांना आठवी भरून देता येते. काहीच लिहायचं नसेल तर पत्त्याच्या पट्टीत प्रश्नचिन्हापुढे रकान्याचं नाव आणि किंमत लिहिली तरी चालतं. असा दुवा मी क्लार्कभाईंच्या संगणकावर ठेवून दिला असता तरी भागलं असतं.

मी पहिला मार्ग घेतला, कारण तो सगळ्यात सोपा. तक्त्यात तीन ओळी लिहिल्या. धर्म इस्लाम, प्रवर्ग ओबीसी, मातृभाषा उर्दू.

पहिली चूक तारखेत झाली आणि ती लगेच कळली. प्रवेशाची तारीख म्हणून 'आज' भरून यावी असं मी लिहिलं, पण फंक्शनच्या नावापुढे कंस दिले. कंस दिले की ते फंक्शन प्रोग्रॅम सुरू होतानाच एकदा चालतं आणि उत्तर गोठतं. त्यामुळे सर्व्हर सोमवारी सुरू केला असेल तर गुरुवारी आलेल्या मुलाचा प्रवेशही सोमवारचाच. कंस काढले की प्रत्येक नव्या नोंदीच्या वेळी ते नव्यानं विचारलं जातं. भाचा हसून म्हणाला, "मामू, तुम्ही पोरांना एक जून दिलात." मीही हसलो.

दुसरी चूक विचित्र होती. विद्यार्थ्याच्या फॉर्मखाली आम्ही कागदपत्रांच्या ओळी जोडल्या होत्या. पहिल्या ओळीत आधीच भरून यायचं, 'आधार कार्डाची प्रत, जमा.' क्लार्कभाई बघायचे, बरोबर आहे म्हणायचे आणि जतन करायचे. नंतर उघडलं की ओळ गायब. दोन दिवस डोकं खाल्लं. मग समजलं की खाली जोडलेल्या जास्तीच्या ओळींत सुरुवातीच्या किमतीपेक्षा काहीच बदललं नसेल, तर जँगो ती ओळ रिकामी समजून सोडून देतो. माणसानं हात लावला नाही म्हणजे माणसानं भरलं नाही, असा त्याचा हिशोब. तेव्हा मला त्याचा राग आला होता.

तिसरी चूक दोन वर्षं कळलीच नाही.

एका दुपारी मधल्या सुट्टीत एक बाई शाळेत आल्या. सातवीतल्या मुलीची आई. यावल तालुक्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावाहून कामासाठी जळगावात आलेलं कुटुंब. हातात आमच्या शाळेचं बोनाफाईड.

"सर, शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला. आम्ही तडवी. हिच्या बापाच्या दाखल्यावर तडवी भिल्ल लिहिलंय. तुमच्या कागदावर ओबीसी कसं आलं?"

मी कागद पाहिला. नाव बरोबर, धर्म बरोबर, प्रवर्ग ओबीसी. खाली मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का.

जळगाव जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. यावल, रावेर, चोपडा या पट्ट्यात तडवी समाज आहे. धर्मानं मुसलमान आणि जमातीनं भिल्ल. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत भिल्लांच्या नोंदीतच तडवी भिल्ल येतात. अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात धर्माची अट आहे, पुढे त्यात शीख आणि मग 1990 मध्ये बौद्ध आले. अनुसूचित जमातींना मात्र धर्माची अट नाही. म्हणून मुसलमान आणि आदिवासी, दोन्ही एकाच रकान्यांच्या ओळीत असू शकतात. उर्दू शाळेत बी.एड. करून आलेल्या, याच जिल्ह्यात राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे माहीत नव्हतं असं नाही. मला माहीत होतं. माझ्या तक्त्याला माहीत नव्हतं, आणि त्याला मीच सांगितलं नव्हतं.

आमच्यातही सगळे ओबीसी कुठे आहेत? पिंजारी, बागवान ओबीसीत येतात. छप्परबंद विमुक्त जातीत. शेख, सय्यद, पठाण बहुतेक खुल्यात. बाहेरचा माणूस 'मुसलमान' हा एकच शब्द लिहून मोकळा होतो तेव्हा आपण त्याच्यावर चिडतो. मी तर आतला होतो, आणि तेच केलं.

जनरल रजिस्टर काढलं. तिथे क्लार्कभाईंच्या अक्षरात स्वच्छ लिहिलेलं, तडवी भिल्ल, अनुसूचित जमाती. पेन हातात असताना ते चुकले नव्हते. तीच नोंद संगणकावर भरताना रकाना आधीच भरलेला दिसला आणि ते पुढे गेले. अर्जाला दोन दिवस बाकी होते. मी तिथेच नवीन बोनाफाईड छापून सही करून आणलं. बाईंना एवढ्यासाठी दोन दिवसांची मजुरी सोडावी लागली होती. जाताना त्यांनी मुलीला वर्गाच्या खिडकीतून पाहून घेतलं. मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री मी जँगोची कागदपत्रं पुन्हा वाचली आणि एक बारीक गोष्ट सापडली. निवडीची यादी असलेल्या रकान्यात जँगो सर्वांत वर एक रिकामी ओळ ठेवतो, नुसत्या आडव्या रेघा. ती निवडून पुढे जाता येत नाही, फॉर्म अडतो आणि हा रकाना आवश्यक आहे म्हणून लाल अक्षरात सांगतो. पण त्या रकान्याला डीफॉल्ट दिला, तर ती रेघांची ओळ यादीतून निघूनच जाते. म्हणजे मी फक्त एक उत्तर सुचवलं नव्हतं. 'अजून विचारलेलं नाही' हे उत्तर मी यादीतून काढून टाकलं होतं. आता नोंदीकडे पाहून कुणालाच सांगता येत नव्हतं की हे ओबीसी विचारून लिहिलंय की आपोआप आलंय.

मातृभाषेचं तर त्याहून वाईट. तो रकाना मी नंतर वाढवला होता. तोवर शेकडो मुलं तक्त्यात होती. नवा सक्तीचा रकाना जोडताना जँगो थांबतो आणि विचारतो, जुन्या ओळींमध्ये काय भरू, एकदाच लागणारी एक किंमत द्या. मी 'उर्दू' दिलं आणि एंटर दाबलं. एका क्षणात सगळ्या शाळेची मातृभाषा उर्दू झाली. कबूल करतो, मला ते बघून छान वाटलं होतं. 2001 च्या जनगणनेत देशात उर्दू मातृभाषा सांगणारे सुमारे 5 कोटी 15 लाख होते, 2011 ला ते 5 कोटी 7 लाखांवर आले. उर्दूच्या शिक्षकाला असा आकडा टोचतो. आपल्या तक्त्यात तरी शंभर टक्के उर्दू, असं मनात आलं असावं.

पण आमच्या वर्गात काही मुलं घरी आईशी खानदेशी बोलतात. तिथे मुलगा 'आंडोर' आणि मुलगी 'आंडेर' असते. 2011 च्या जनगणनेत खानदेशी मातृभाषा सांगणारे 18 लाख 60 हजारांच्या घरात होते, आधीच्या खेपेपेक्षा कमी. म्हणजे जी तक्रार माझी, तीच त्यांचीही. कुठल्या मराठी शाळेत आमच्या पोरांपुढे आपोआप 'मराठी' येत असेल तर मी लेख लिहीन. मीही त्याच पद्धतीनं इथल्या एका भाषेची माणसं उर्दूत जमा केली होती.

मग काम सुरू झालं. आधी तक्त्यातून तिन्ही डीफॉल्ट काढले. रेघांची ओळ परत आली. त्यानंतर जनरल रजिस्टर आणि संगणक समोरासमोर ठेवून क्लार्कभाई आणि मी एकेक नोंद वाचली. चार संध्याकाळी गेल्या. मातृभाषा तर जुन्या रजिस्टरातही घाईतच लिहिलेली होती, म्हणून वर्गावर्गांत जाऊन विचारलं, "घरी अम्मीशी कशात बोलता?" मुलांनी मजेत उत्तरं दिली. एक जण म्हणाला, "सर, अम्मीसे अलग, दादीसे अलग." त्याला काय लिहायचं यावर आम्ही बराच वेळ बोललो. शेवटी घरी विचारून यायला सांगितलं.

प्रवर्ग चुकलेली सात मुलं सापडली. सहा शाळेतच होती. सातवा दहावी होऊन गेला होता, शाळा सोडल्याचा दाखला घेऊन. छप्परबंद कुटुंब, त्यांच्या दाखल्यावर माझ्या कृपेनं ओबीसी. ते लोक आता धुळ्याला राहायला गेले होते. फोन केला, तर अकरावीच्या प्रवेशावेळी काही अडलं नव्हतं म्हणून कुणी पाहिलंच नव्हतं. पुढे अडलं असतं. जातीच्या दाखल्याला आणि पडताळणीला शाळेचा कागद पहिला मागतात.

मुख्याध्यापकांच्या सहीचा दुरुस्त दाखला घेऊन मी रविवारी एसटीनं निघालो. एरंडोल, पारोळा, धुळे. टपालानंही पाठवता आला असता. पण चूक माझ्या हातची होती, आणि अब्बा धुळ्यातच असतात.

मुलाच्या वडिलांनी दाखला घेतला, चहा पाजला, म्हणाले, "सर, इतक्यासाठी आलात?" मी म्हटलं, माझ्या मशीननं चुकवलं. ते म्हणाले, "मशीनला काय कळतं." मी गप्प बसलो, कारण ते मला वाचवत होते आणि ते खरं नव्हतं.

संध्याकाळी अब्बांना सगळं सांगितलं. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात घालवलेले प्राथमिक शिक्षक. विचारलं, "अब्बा, तुम्ही किती मुलांना एक जून दिलात?"

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सुरुवातीला सगळ्यांना. रांग असायची. नंतर तुझ्या दादीचं बोलणं मनात राहिलं, मग मी आयांना विचारायला लागलो. पाऊस होता का? ईद झाली होती का? शेतात काय होतं? बाप सांगू शकत नाही, आई सांगते. कुणी म्हणायची ज्वारी कापत होतो, मग मी जानेवारी-फेब्रुवारी लिहायचो. तारीख तीही अंदाजाचीच. पण विचारून लिहिलेली."

"आणि रांग?"

"रांग उभी राहायची. मी काही ट्रेन चालवत नव्हतो."

आधारची सुरुवात आपल्याच खानदेशातून झाली, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, 29 सप्टेंबर 2010 ला. तिथेही ज्यांना फक्त वय सांगता येतं त्यांच्यापुढे त्या सालातली 1 जानेवारी लागते. आमच्या मोहल्ल्यात आता काही जणांना दोन वाढदिवस आहेत, शाळेचा एक जून आणि आधारचा एक जानेवारी. तो फरक घेऊन ते एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरतात. मुसलमानांच्या नावात हा प्रकार आणखी वाढतो. आपल्याकडे 'शेख सलीम शेख रहीम' असं नाव चालतं, फॉर्मला मात्र नाव, मधलं नाव आणि आडनाव असे तीनच रकाने. चौथा शब्द कुठे जातो ते भरणाऱ्याच्या मर्जीवर.

आता आमच्या प्रोग्रॅममध्ये काय आहे ते सांगतो, कुणा शिक्षकाला उपयोगी पडेल. शाळेबद्दलच्या गोष्टी आधीच भरून येतात. शैक्षणिक वर्ष, प्रवेशाची तारीख, वर्गशिक्षकाप्रमाणे इयत्ता, शाळेचं माध्यम. त्या ॲडमिनच्या त्या लांब नावाच्या फंक्शनमधून येतात, तक्त्यातून नाही. मुलाबद्दलच्या गोष्टी रिकाम्या येतात. धर्म, जात, प्रवर्ग, मातृभाषा आणि जन्मतारीख. तिथे रेघा दिसतात आणि त्या भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. शाळेला जे माहीत आहे ते शाळेनं भरावं, मुलाला जे माहीत आहे ते मुलाच्या घरच्यांना विचारावं. शिवाय प्रवर्गाशेजारी एक नवा रकाना आहे, 'कोणता कागद पाहिला'. कागद पाहिला नसेल तर तसंच निवडायचं. ती सोय मी जाणूनबुजून ठेवली.

क्लार्कभाई सुरुवातीला नाराज होते. प्रवेशाच्या दिवसांत रांग व्हरांड्याबाहेर जाते. यंदा जूनमध्ये मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. एका मुलाच्या आईला त्यांनी विचारलं, "मातृभाषा?" ती म्हणाली, "लिहा ना सर, जे सगळ्यांचं लिहिता ते." क्लार्कभाईंनी की-बोर्डवरून हात काढला आणि म्हणाले, "सगळ्यांचं काही नाही बाई. तुम्ही घरी काय बोलता ते सांगा."

मागे चौदा-पंधरा जण उभे होते. आम्ही थांबलो.